जावयाच्या मनगटाचं माप

घ्या, चहा घ्या आधी. बिस्किट बुडवून खाऊन टाका, मग सांगतो. मधेच हसलात तर ते कपात पडायचं आणि बायको मला बोलायची. तशी ती मला बोलतच असते म्हणा. पण या प्रकरणात तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

तर झालं असं की एका घड्याळाची चेन नीट बसावी म्हणून मी खटपट केली, आणि त्यापायी पोटच्या पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

वाढवून सांगतोय असं वाटतंय ना? वाटू दे. पुढचं ऐका.

आमच्या मानसीचं जमलं वसईजवळच्या नंदाखाल गावच्या केदारशी. तिचं तिनंच जमवलं, आम्ही फक्त हो म्हटलं. मुलगा सोन्यासारखा. गोरेगावला नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वाडीत. केळी, नारळ, थोडा भाजीपाला. वडील नाहीत. केदार बारावीला असताना ते वाडीत पाणी लावता लावता छातीवर हात ठेवून खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. तेव्हापासून त्याच्या आईनं, म्हणजे कुसुमताईंनी, वाडीही एकटीनं सांभाळली आणि पोरगाही. पहिल्या भेटीतच त्यांनी हे सांगितलं होतं. ऐकून मी हळहळलोही होतो. पण एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती वेळेवर आठवणं, यात माझ्या बाबतीत फार अंतर पडतं.

त्याच भेटीत मी आणखी एक दिवा लावला होता. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी आमच्या आजोबांचं सांगायला घेतलं. आमचे आजोबा देवगडकडचे, गावात वैद्यकी करायचे. मनगटावर तीन बोटं ठेवली की माणसाच्या पोटात काय चाललंय आणि पुढच्या वर्षी काय होणार, सगळं सांगायचे. इथवर खरं. पण समोरची माणसं तोंडात बोट घालून ऐकत असली की माझी गाडी थांबत नाही. मी म्हटलं, "थोडंफार माझ्याही बोटांत उतरलंय म्हणतात."

कोण म्हणतं? कोणीही म्हणत नाही. मला आयुष्यात स्वतःची नाडीसुद्धा धड सापडलेली नाही. बायकोनं माझ्या पायावर पाय ठेवून दाबला. मी माझा पाय काढून घेतला आणि आजोबांचे आणखी दोन चमत्कार सांगितले. व्याह्यांकडे पहिल्यांदा गेल्यावर आपल्या घराण्याचं थोडं वाढवून कोण सांगत नाही? तुम्ही नाही सांगितलं?

पुढे साखरपुडा ठरला. आमच्याकडे साखरपुड्यात मुलीचा बाप जावयाच्या मनगटावर घड्याळ चढवतो, सगळ्यांदेखत. मी छान घड्याळ घेतलं, निळ्या तबकडीचं, स्टीलच्या चेनचं. घरी आणून दाखवलं तर बायको म्हणाली, "घड्याळ चांगलंय, पण चेन बसणार आहे का त्याला? तुम्ही आणलेलं आजवर कुणाला काही बसलंय?"

आता यात तथ्य होतं. मी तिला आणलेल्या चपला तिच्या बहिणीला होतात. मानसीला आणलेला ड्रेस शेजारची शाळकरी मुलगी घालते. पण जावयाच्या बाबतीत मी हट्टाला पेटलो. हॉलमध्ये दोनशे माणसं बघत असणार. चेन अशी बसली पाहिजे, की खटका दाबला की टक् आवाज यावा आणि घड्याळ मनगटावर चिकटून राहावं. तेही त्याला आधी न सांगता, कारण त्यातच मजा.

वसई गावात बाजाराच्या तोंडाशी पास्कलकाकांचं घड्याळाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक माणूस, एक टेबल आणि डोळ्यात अडकवायचं भिंग. त्यांच्याकडे घड्याळ ठेवलं आणि म्हटलं, जावयासाठी आहे, चेन कमी करून द्या.

"मग जावई कुठंय?" पास्कलकाका म्हणाले.

मी म्हटलं, त्याला कळू द्यायचं नाहीये. तुम्ही अंदाजानं दोन कड्या काढा. यावर त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं आणि माझी शिकवणीच घेतली. म्हणाले, मनगट म्हणजे काय पाइप आहे होय, सगळ्यांचं सारखं असायला? चेन घट्ट झाली तर कातडीवर वळ उठतात, सैल झाली तर घड्याळ हाडावर आपटतं. आत करंगळीचं टोक जाईल इतकी जागा राहिली पाहिजे. शिवाय हात दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी बारीक असतो, दुपारी उन्हात काम केलं की फुगतो. खारं खाणाऱ्याचा जास्त फुगतो. "तेव्हा सकाळचं माप आणा, दुपारचं आणा. मग मधलं धरून मी कड्या काढतो," ते म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्यात अडकवून दुसऱ्याच्या घड्याळात शिरले.

आता सांगा, दोरा गुंडाळून माप घ्यावं तर मुलगा विचारणार, हे काय चाललंय. मग मी डोकं चालवलं. आपल्या अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं त्याच्या मनगटाला वेढा घालायचा आणि मधलं बोट अंगठ्यावर कुठपर्यंत येतं ते लक्षात ठेवायचं. घरी येऊन लाटण्याला तसाच वेढा घालायचा. आमच्याकडे आईच्या वेळचं जाडजूड लाटणं आहे, मधे फुगीर आणि टोकाकडे निमुळतं. वेढा जिथं बरोबर बसेल तिथं पेननं खूण करायची. झालं माप! मी स्वतःवर इतका खूश होतो की सांगता सोय नाही.

रविवारी सकाळीच स्कूटर काढली. पाहुण्यांची यादी दाखवायचं निमित्त केलं आणि गिरीज, निर्मळ करत नंदाखाल गाठलं. केदार अंगणात केळीचे घड पुसत होता. मला बघून नमस्काराला वाकला. तो उठत असतानाच मी त्याचं मनगट पकडलं.

पकडलं ते सोडलंच नाही. बोट कुठवर आलंय ते नीट लक्षात राहावं म्हणून मी डोळे मिटले. मला डोळे मिटल्याशिवाय काही पाठ होत नाही, शाळेपासूनची खोड आहे. आणि दुसरी खोड म्हणजे मी मनात बोलतो ते कधी कधी बाहेर ऐकू येतं. बायको म्हणते कधी कधी नाही, नेहमीच.

"हं," मी म्हणालो. "सकाळचं ठीक आहे. आता दुपारी बघायला पाहिजे."

डोळे उघडले तर दारात कुसुमताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. कप ट्रेमध्ये किणकिण वाजत होते. मला वाटलं, ट्रे जड असेल.

दुपारपर्यंत थांबणं भागच होतं. जेवायलाच थांबा असा त्यांनी आग्रह केला आणि मी लगेच मानला. केदार वाडीत पाणी फिरवायला गेला. तो परत आला तेव्हा घामानं निथळत होता. म्हणजे पास्कलकाकांनी सांगितलं तसंच, उन्हात काम केलेला हात. मी त्याला पायरीवरच गाठलं. धरलं मनगट, मिटले डोळे. सकाळी मधलं बोट अंगठ्याच्या पेऱ्यापर्यंत आलं होतं. आता पेरं लांब राहिलं.

"अरे बापरे," मी म्हणालो. "केवढा फरक!"

मग किती वाजता किती माप, हे टिपून ठेवावं म्हणून मी माझ्या घड्याळात बघितलं. त्याचं मनगट हातात आणि नजर घड्याळात. तुमच्या लक्षात येतंय ना काय दिसलं असेल ते? माझ्या येत नव्हतं.

जेवायला बसलो. पानात ताजा मासा होता, सुकटीची चटणी होती, भाजलेले बोंबील होते. केदारनं तीन बोंबील घेतले. मला पास्कलकाकांचं खाऱ्याचं आठवलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रोज इतकं खारं खातोस का रे? तो हो म्हणाला. मी विचारलं, संध्याकाळी हाताला सूज वगैरे येते का? तो म्हणाला, नाही काका, का? मी म्हटलं, काही नाही, सहज. कुसुमताईंच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात तसाच राहिला.

निघताना त्या एकट्याच माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, केदारचं काही... मला खरं सांगा."

मला वाटलं, बाई हुशार आहे. मनगट बघितलं, लगेच ओळखलं की घड्याळाचं माप चाललंय. मी मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "तुम्ही ओळखलंत ना? मग झालं तर. पण त्याला यातलं काही कळू देऊ नका. मी घेतलंय मनावर, पंधरा दिवसांत सगळं ठाकठीक करतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बघा, एका घड्याळाचं केवढं कौतुक. किती साधी माणसं! असं म्हणत मी स्कूटरवर गाणं गुणगुणत घरी आलो.

घरी लाटण्यावर दोन खुणा केल्या, एक सकाळची, एक दुपारची. लाटणं पिशवीत घालून पास्कलकाकांकडे गेलो. त्यांनी लाटण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पण माणूस कसबी, एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही खुणांच्या मधोमध चेन धरली, एका बाजूच्या दोन कड्या काढल्या आणि दुसऱ्या बाजूची एक, म्हणजे खटका बरोबर मनगटाच्या मधोमध यावा. पिना पुन्हा ठोकल्या. घड्याळ लाटण्यावर असं बसलं म्हणता! दागिना घातल्यासारखं लाटणं दिसत होतं. पॉलिशसाठी घड्याळ मात्र त्यांनी ठेवून घेतलं.

इकडे मी निर्धास्त, आणि तिकडे नंदाखालला काय चाललं होतं ते मला आठवड्यानंतर कळलं.

आधी मानसीचा चेहरा उतरला. केदारचे फोन कमी झाले, आले तर दोन मिनिटांत संपायचे. एका संध्याकाळी ती गॅलरीत पाठ करून उभी होती. जवळ गेलो तर रडत होती. म्हणाली, "बाबा, तो म्हणतो घाई नको करूस, नीट विचार कर. त्याला नकोय का हे लग्न?" दुसऱ्याच दिवशी बायकोला कुसुमताईंचा फोन आला, साखरपुडा थोडा पुढे ढकलू या का म्हणून. कारण काही सांगेनात.

बायको फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तुम्ही काही बोललात का तिकडे?"

मी? मी कशाला काय बोलतो? मी उलट चिडलो. मला वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं असणार. मी म्हटलं, चल, आत्ता जाऊ आणि समोरासमोर विचारू, आम्ही काय कमी केलं. वाटेत पास्कलकाकांकडून घड्याळ घेतलं आणि खोक्यासकट पिशवीत टाकलं. म्हटलं, हेच दाखवतो त्यांना, बघा म्हणावं आम्ही किती मनापासून करतोय. पण खरं सांगू का, पोरीचं रडणं कानातून जात नव्हतं.

केदारनं दार उघडलं. ओळखू येईना. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. आत ताटात नुसती पेज आणि उकडलेला दुधी. कुसुमताईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि कपाटातून एक जाड फाइल आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, सोनोग्राफी केली," त्या म्हणाल्या. "विरारच्या डॉक्टरांना दाखवलं. समाधान झालं नाही म्हणून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. सगळे म्हणतात काही नाही. पण भाऊ, याच्या वडिलांच्या वेळीही कुणाला काही कळलं नव्हतं. मीठ बंद केलंय मी याचं, वाडीत पाऊल टाकू देत नाही. तुमच्या बोटांना काय लागलं तेवढं सांगा. जे असेल ते सांगा. मग तुमच्या लेकीला मी अडकवणार नाही."

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. ती नजर कशी होती ते विचारू नका.

मी पिशवीतून खोकं काढलं आणि फाइलवर ठेवलं. उघडलं. कसंबसं तोंडातून फुटलं, "घड्याळ. याची चेन बसावी म्हणून. मनगटाचं माप घेत होतो मी."

कुसुमताईंनी घड्याळ उचलून उलटंपालटं करून बघितलं.

"आणि सकाळी ठीक, दुपारी वाढलं, ते?" कुसुमताईंनी विचारलं.

"मनगट वाढलं होतं."

"आणि खारं खातोस का? सूज येते का?"

"खाऱ्यानं हात फुगतो म्हणे. घड्याळजीनं सांगितलं."

"आणि ते बोटांत उतरलंय?"

"काही उतरलेलं नाही हो," मी हात जोडले. "आजोबा वैद्य होते. मी मूर्ख आहे. मला माझी स्वतःची नाडी सापडत नाही."

कुसुमताई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "आठ दिवस," त्या म्हणाल्या, "आठ दिवस पोरगा झोपला की नाकाशी हात धरून बघते मी, श्वास चालू आहे ना."

त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. ज्या बाईनं नवरा असा उभ्या उभ्या गमावला, तिच्या एकुलत्या एक पोराचं मनगट धरून मी डोळे मिटून अरे बापरे म्हणालो होतो. बायको उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी मान वर केली नाही.

पहिल्यांदा हसला तो केदार. आधी नाकातून, मग पोट धरून. "आई," तो म्हणाला, "आता तरी मला एक बोंबील दे." मग कुसुमताईही रडता रडता हसायला लागल्या आणि उठून खरंच बोंबील भाजायला गेल्या. केदार अंगणात जाऊन मानसीशी फोनवर बोलत होता, चांगला अर्धा तास. साखरपुड्याची तारीख आहे तीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, चला, गोड झालं. थांबा जरा.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. हॉल भरलेला. माझी पाळी आली. मी ऐटीत खोकं उघडलं, केदारचा हात धरला, घड्याळ चढवलं आणि खटका दाबला. टक्. अगदी हवा होता तसाच आवाज आला. केदारनं नमस्कारासाठी हात वर केले आणि घड्याळ सरसर करत थेट कोपरापर्यंत गेलं.

कारण कळलं का? मी माप घेतलं तेव्हाचा केदार आणि हा केदार यात चार किलोंचा फरक पडला होता. बिनमिठाची पेज आणि जिवाचा घोर! मी इतकं काटेकोर माप घेतलं की ज्याचं घेतलं तो माणूसच बारीक झाला.

हॉलमध्ये हशा पिकला. बायकोनं कपाळाला हात लावला. कुसुमताई पुढे आल्या, स्वतःचा रुमाल घडी करून चेनच्या आत सरकवला, तेव्हा ते घड्याळ मनगटावर थांबलं. मी घाईघाईनं म्हटलं, असू दे, असू दे, मी उद्याच पुन्हा माप घेतो. म्हणत मी हात पुढे केला.

कुसुमताईंनी पोराचा हात मागे ओढला. "व्याहीबुवा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या पोराचा हात यापुढे तुम्ही एकदाच धरायचा, कन्यादानाला. तोसुद्धा डोळे उघडे ठेवून."

कबूल केलं. काय करणार?

आणि लग्नात पाळणारही होतो हो. शपथ. पण कन्यादानाला भटजींनी केदारची ओंजळ पुढे करायला लावली, त्यात मानसीचा हात दिला, वर माझा हात ठेवला, आणि बायकोनं पाण्याची धार सोडली. पाणी बोटांतून गळायला लागलं आणि मला मानसीचं लहानपण आठवलं. एवढीशी होती ती, माझं बोट धरून पापडी गावच्या बाजारात यायची. माझी बोटं आपोआप जावयाच्या मनगटावर आवळली गेली आणि डोळे गच्च मिटले.

बराच वेळ झाला असावा. कारण भटजींचे मंत्र थांबले. मुलाकडची सगळी मंडळी चिडीचूप. आणि माझ्या कानाशी केदारचा घाबरा आवाज आला, "बाबा, सगळं ठीक आहे ना?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पलीकडून कुसुमताई ओरडल्या, "अहो, डोळे उघडा आधी!"